बाबांचं बफिंगचं मशीन

बाबांच्या छातीत पेसमेकर बसवल्याला पाच महिने झाले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बऱ्याच सूचना दिल्या होत्या, पण माझ्या डोक्यात एकच घट्ट बसली: चालू मोटर छातीजवळ न्यायची नाही. तेव्हापासून मी मिक्सरसुद्धा बाबा स्वयंपाकघरात नाहीत ना, हे बघून लावायचे. आई म्हणायची, "अगं, तेवढ्याने काही होत नाही." मी तिचंही ऐकत नव्हते.

त्यामुळे चहा पिता पिता बाबा जेव्हा म्हणाले, "या रविवारी तुझ्या गाडीला पॉलिश मारतो," तेव्हा मला आधी माळ्यावरचं त्यांचं मशीन आठवलं.

बाबांनी तीस वर्षं मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचं रंगकाम केलं. गॅरेज बंद झालं तेव्हा मालकाने त्यांचं बफिंगचं, म्हणजे पॉलिश मारायचं मशीन त्यांनाच देऊन टाकलं. आम्ही खाडीकाठच्या जेसल पार्कला राहायला आलो तेव्हा तेही सोबत आलं आणि माळ्यावर गेलं. धातूचं जड अंग, पुढे ताटलीएवढी गोल फिरणारी चकती, तिच्यावर लोकरीची टोपी चढवून नाडीने बांधायची. माझी गाडी सेकंडहॅण्ड, निळी. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने तिचा रंग मेल्यासारखा झाला होता.

पण मला काळजी वेगळीच होती. ऑपरेशनपासून बाबा बोलेनासे झाले होते. दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे, शर्टाच्या आतला तो छोटा उंचवटा बोटाने चाचपत. पाच महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही करायचं म्हटलं ते हेच. नाही म्हणायचीही भीती वाटली आणि हो म्हणायचीही.

"मी मारते," मी म्हणाले. "तुम्ही लांब बसून सांगा. मशीनजवळ यायचं नाही."

"तुला नाही झेपायचं ते."

"मग राहू दे."

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "बरं. पण मी सांगेन तस्संच करायचं."

मी मशीन मीरा रोडला एका मोटर दुरुस्तीवाल्याकडे नेलं. जुनी दोन पिनांची वायर बघून त्याने मान हलवली. "मॅडम, इसमें अर्थिंग ही नहीं है. आज तक किसी को झटका नहीं लगा?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याने नवी वायर घातली, तीन पिनांचा प्लग लावला, मोटरचे झिजलेले कार्बन बदलले. मशीन चालू करून स्वतः हातात धरून दाखवलं. तरी घरी आणताना रिक्षात मी ते मांडीवर घेतलं नाही, पायाशी ठेवलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी धुतली, कोरडी पुसली. वॉचमनने मीटररूममधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून दिला. बाबांनी दहा-बारा फुटांवर खुर्ची टाकली आणि एकेक हुकूम सोडायला सुरुवात केली. ओढणी काढून ठेव. बांगड्या काढ. रबरी चप्पल घाल. जमिनीवर ओल आहे, फळी घे पायाखाली. वायर खांद्यावरून मागे टाक. टोपीची नाडी आत खोच. पाच महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. मेण मी फडक्याने पातळ लावलं, ते सुकून पांढुरकं झालं.

"आता मशीन आधी पत्र्यावर टेकव, मग बटण दाब. हवेत चालू करायचं नाही. आणि एका जागी थांबायचं नाही, रंग जळतो."

बटण दाबलं आणि त्या आवाजाने माझे दात शिवशिवले. मशीन हातातून उजवीकडे पळायला बघत होतं. मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बॉनेटवरून ते पुढे-मागे फिरवलं, तशी पांढऱ्या थराखालून निळ्या रंगाची पट्टी वर आली, ओली असल्यासारखी. मी मान वर करून बाबांकडे बघितलं. ते हसत होते.

तेवढ्या एका क्षणात माझा हात वर सरकला आणि लोकरीची टोपी वायपरमध्ये अडकली.

मशीनने मनगटाला हिसका दिला आणि हातातून उडालं. जमिनीवर पडलं ते चालूच. बटण दाबलेलंच ठेवणारा एक खटका होता, तो मी नकळत दाबला होता. चकती फरशीवर आपटत मशीनला गरागरा फिरवत होती, वायर तिच्याभोवती गुंडाळली जात होती. आणि ते बाबांच्या दिशेने सरकत होतं.

बाबा उठले. मला वाटलं, बाजूला होतील. ते वाकले, दोन्ही हात पुढे करून, मशीन धरायला.

"बाबा, नको! हात लावू नका!" मी ओरडले. माझा आवाज त्या घरघरीत बुडाला. मला फळीवरून उतरायचं होतं आणि पाय हलत नव्हते. मला दिसत होती ती फक्त त्यांची वाकलेली छाती आणि खाली फिरणारी ती मोटर, मध्ये वीतभर अंतर.

एकदम सगळं थांबलं. वॉचमनने मीटररूमच्या दारातून प्लग खेचला होता.

बाबा खुर्चीत बसले. बसले म्हणजे कोसळलेच. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, तळहात छातीवर. मी त्यांचं मनगट धरलं. डॉक्टरांनी नाडी मोजायला शिकवली होती, पण मी विसापर्यंत मोजायचे आणि आकडे विसरायचे. पुन्हा पहिल्यापासून. माझ्या बोटांत जे धडधडत होतं ते त्यांचं की माझं, तेच कळेना. वॉचमन पाणी घेऊन आला, "चाचाजी, घबराओ मत," म्हणत. तिसऱ्यांदा मोजली तेव्हा नाडी नीट, एका लयीत लागली.

"मला काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. "मी घाबरलो."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशीही नाही.

"मग धरायला कशाला गेलात?"

ते पडलेल्या मशीनकडे बघत राहिले. मग सांगितलं. गॅरेजमध्ये ते नवीन लागले तेव्हा त्यांच्या शेजारच्या गाडीवर एक माणूस काम करायचा, त्यांच्याच वयाचा. एका सकाळी फरशी ओली होती. मशीनमध्ये करंट उतरला आणि त्याच्या हातातून ते सुटेना. "मी दोन पावलांवर होतो. मला वाटलं, हा मस्करी करतोय. मी हसलो पण. मग कोणीतरी मेन बंद केला. तोवर संपलं होतं."

"मशीन हेच?"

"नाही गं. ते मालकाने भंगारात दिलं. पण दुसऱ्या दिवशी मी हे हातात धरलं तेव्हा... रोजच. तीस वर्षं. बटण दाबायच्या आधी रोज वाटायचं, आज माझा नंबर."

"आईला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

लहानपणी बाबा कामावर निघताना आरडाओरडा करून आम्ही मुलं त्यांच्याकडे खाऊ मागायचो, तेव्हा ते चप्पल घालता घालता क्षणभर दाराशी थांबायचे. मला वाटायचं, काय आणायचं ते आठवून ठेवतायत.

त्याच दिवशी दुपारी मी त्यांना दवाखान्यात नेलं. पेसमेकर तपासला. सगळं व्यवस्थित होतं. डॉक्टर म्हणाले, छाती सरळ मोटरवर टेकवली नाही ना, मग तेवढ्याने काही बिघडत नाही. हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. बाबा बाजूला बसून ऐकत होते. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "राहिलेल्या गाडीचं काय?"

राहिलेली गाडी आम्ही हातानेच केली, मऊ फडक्याने, चार संध्याकाळी. ते डावीकडून, मी उजवीकडून. बॉनेटवर मशीन फिरलं तेवढ्या पट्टीची चकाकी काही बाकीच्या गाडीला आली नाही. काम करताना बाबा त्या माणसाबद्दल सांगत राहिले: त्याला शिट्टी छान वाजवता यायची, डब्यात रोज सुकटीची चटणी असायची, त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. मी मध्ये काही विचारत नव्हते. विचारलं तर थांबतील, अशी धास्ती वाटत होती.