वाघाच्या तोंडी आयती बकरी

मंडळी, लिहितो लिहितो म्हणत नुसतं लांबणीवर टाकत आलो, हे आधीच कबूल करतो. शाई होती, कागद होता, वेळ तर ढिगानं होता... पण लिहायला बसलं की समोरून काहीतरी जायचं आणि मी त्याच्या मागं.

पिंपरीच्या बांधकामावरचं काम सोडून सायकलवर जुन्नरकडं निघालो, हे तुम्हाला ठाऊक आहे. चाकणच्या अलीकडं एक मोर दिसला. त्याला नीट बघावं म्हणून सायकल बांधावर घातली, आणि पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. मोर गेला तो गेलाच...

सायकल चाकणला दुरुस्तीला दिली आणि मी जवळच्याच एका वाडीवर राहिलो. झोपायला शाळेची पडवी. जेवायला ओढ्यापलीकडं दत्तूभाऊंच्या घरी. दत्तूभाऊ कांदेवाले, त्यांची बायको सरूवहिनी, आणि दत्तूभाऊंचे वडील, आबा.

आबा पहिल्या दिवशी मला 'शिरपा' म्हणाले. शिरपा म्हणजे त्यांचा जन्माचा दोस्त, वारून बरीच वर्षं झाली. मी 'ओ' दिली. वहिनी चुलीपाशी पदर डोळ्याला लावत होत्या... मला वाटलं धूर असेल.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर आबा स्वतःच्याच शेतात गेले आणि परत यायची वाट विसरले. दिवस मावळताना ओढ्याकाठी सापडले. तेव्हापासून त्यांना ओढा ओलांडू देत नाहीत. कांदे निवडणं बंद, बैलांना पाणी दाखवणं बंद. "आबा, तुमी निस्तं बसा." आणि आबा बसायला लागले ते बोलायचेच थांबले.

"मला त्या वाटंचं काय न्हाई भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "पन येक दिस मला बी म्हनतील, तू कोन गं?"

मी भाकरी मोडत राहिलो.

आता गंमत ऐका. आबांच्या ओट्याच्या दगडावर वाघ-बकरीचा डाव कोरलेला आहे. चिंचोके म्हणजे बकऱ्या, काळा खडा म्हणजे वाघ. वाघानं उड्या मारून बकऱ्या खायच्या, नाहीतर बकऱ्यांनी वाघाला चहूकडून कोंडायचं. वाघ कायम आबांकडं. दुपारी घरातलं कुणीतरी समोर बसायचं आणि आबा जिंकायचे. रोज. जिंकून हूं म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करायचे.

त्या दिवशी मला बसवलं. वहिनी दारातून डोळ्यांनी काहीतरी खुणावत होत्या. पण आढ्यात एक चिमणी शिरली होती, तिची चोचीतली काडी काही केल्या आत जाईना... मी तिच्याकडं बघत बघत खेळत होतो. खुणा कोण बघतो!

खाली बघितलं तर वाघाला हलायला जागाच नाही.

दत्तूभाऊंचा हात चुन्याच्या डबीतच थांबला. वहिनींनी कपाळाला हात लावला. वडीलधाऱ्या माणसाला, त्यातून आजारी माणसाला, त्याच्याच ओट्यावर हरवायचं? मला उठून पळावंसं वाटलं.

आबा दगडावर वाकले. मग चिंचोक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही कवा सरकवलीस रं?"

"मघाशी."

"मघाशी म्हंजे? मी काय झोपलो व्हतो?" आवाज चढला. "मांड परत!"

दत्तूभाऊ मध्ये पडले, "आबा, डोस्क्याला तरास नको. पडा जरा."

"तू गप! तुमी समदी माझ्या तोंडात बकऱ्या आनून देता. मला कळत न्हाई व्हय? आयत्या बकऱ्या खाऊन खाऊन वाघाची पार शेळी केली!"

 वहिनी आत गेल्या आणि कांद्याची पाटी आणून आबांच्या पुढ्यात ठेवली. "आबा, डाव झाला की येवढं सडकं निवडून द्या." दत्तूभाऊ तोंड उघडणार होते, वहिनींनी एकदा बघितलं तसं ते मिटलं.

दुसरा डाव आबा जिंकले. कसे जिंकले ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून रोज खेळतो. मी सोडत नाही, तेही सोडत नाहीत. शिव्या भरपूर खाल्ल्या. सकाळी वहिनी त्यांना ओढ्यापर्यंत चालवून आणतात, संध्याकाळी आबा बैलांशी बोलतात. ते बरे झाले असं मी म्हणणार नाही. परवा जेवून उठले आणि पुन्हा विचारलं, जेवण कधी? मला अजून शिरपाच म्हणतात. पण बसून राहणं सुटलं... ते थोडं नाही.

मंडळी, आपणही म्हाताऱ्यांना मायेनं बसवतो. नांगराचा फाळ खुंटीला टांगला की गंजतो हे आपल्याला कळतं. डोक्याचं का कळत नसावं कुणास ठाऊक! माझं तर आत्तापासूनच...

सायकल कालच दुरुस्त होऊन आलीय. आज उन्हाच्या आत निघायचं ठरवलं होतं. पण आधी हे लिहायला बसलो, आणि आता लिहिणंही थांबवावं लागणार. ओढ्याच्या या बाजूला कुणीतरी चढून येतंय. हातात काठी, धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधलेलं...

आबा! एकटे! शाळेच्या पायरीशी थांबून दम खातायत, सोगा सोडून चिंचोके आणि काळा खडा पायरीवर ओततायत आणि माझ्याकडं काठी रोखून विचारतायत, "ए सायकलवाल्या! डाव टाकून पळतोस व्हय?"

सायकलवाल्या म्हणाले. शिरपा नाही.

आणि लांब ओढ्यात, गुडघाभर पाण्यात सरूवहिनी उभ्या आहेत. हाक न मारता, हात न धरता मागं मागं आल्या होत्या... आता मला हातानंच सांगतायत, बस, खेळ.