कमलआत्यानं जोडलेलं युकुलेले

तुमच्या गावच्या भजनात बायका टाळ वाजवतात, पण पेटी कुणाच्या हातात असते? आणि ती पेटी बिघडली, तर तिचं झाकण उघडून आत बघायची मुभा कुणाला असते? हा प्रश्न मी मुद्दाम काढते आहे. कारण ज्या बाईनं तो घाटनांदूरमध्ये आवाज न चढवता सोडवून दाखवला, ती माझी कमलआत्या गेल्या महिन्यात गेली. बातमी आली तेव्हा मी अंबाजोगाईच्या एका छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होते. तिच्या मुलाचा, सचिनदादाचा फोन आला. "आई गेली गं... सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागीच..." प्रूफ तसंच टेबलावर टाकून मी मिळेल त्या गाडीनं निघाले.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून राबली आणि निवृत्तीनंतर घाटनांदूरला, सासरच्या घरी येऊन राहिली. वडील चळवळीची पत्रकं काढायचे, त्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. आत्याला या गोष्टीची भारी गंमत वाटायची. "ही पोरगी जेवायला वाढलं तरी आधी निषेध करंल, मंग जेवंल," असं ती चारचौघांत सांगायची. गावात तिनं पहिलं काय केलं असेल, तर बायकांच्या भजनी मंडळात नाव घातलं. तिथे पेटी एक गुरुजी वाजवायचे. माणूस चांगला होता. पण पेटीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालायचा नाही. एक सूर बसला तेव्हा पेटी लातूरला गेली आणि कित्येक दिवस परतलीच नाही. पुढे गुरुजी लेकाकडे राहायला गेले, पेटीही सोबत गेली, आणि मंडळाकडे उरले फक्त टाळ.

मग कुणीतरी मोबाईलला जोडायचा स्पीकर आणला. त्यावर तयार संगीत लावायचं आणि आपण वरून गायचं. तरण्या सुनांना ते आवडलं. पण मंडळात गयाबाई होत्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांचा आवाज उघड्या माळावर घडलेला, खडा. पण त्या गायच्या सावकाश. मध्येच एखादी ओळ त्यांना भिडायची, मग तीच दोनदा, तीनदा घ्यायच्या. स्पीकरला हे कुठून कळणार? तो पुढे निघून जायचा, बाकीच्या त्याच्यामागे, आणि गयाबाई एकट्या मागे राहायच्या. काही आठवड्यांनी त्या यायच्याच बंद झाल्या. आत्या त्यांच्या घरी गेली, तर म्हणाल्या, "मी कशापायी येऊ बाई? त्या डबड्याला माझ्यासाठी थांबता येत न्हाई." आत्यानं तिथेच ठरवलं की थांबणारं वाद्य आणायचं, आणि ते मंडळातल्या बाईनंच वाजवायचं.

पेटीचा भाता हलवायला तिचा खांदा साथ देत नव्हता. चार तारांचं, मांडीवर मावणारं युकुलेले तिनं मोबाईलवर पाहिलं होतं. सचिनदादा लगेच म्हणाला, "आई, तयार घे की. परवा दारात येतंय." आत्यानं मात्र सुट्या भागांचा संच मागवला. पोकळ पेटारा, मान, खुंट्या, तारा, सगळं वेगवेगळं, आपलं आपण जोडायचं. दादा वैतागला. "अगं, तुला वाजवायचंय का सुतारकी करायची हाय?"

"अन् तयार मोडलं तर?"

"दुसरं मागवू!"

"दर बारीला दुसरं मागवत बसायचं न्हाई, सचिन. हेच उघडता आलं पायजे. पेटीच्या पोटात काय असतं ते आमाला कुणी दावलंच न्हाई."

मी तेव्हा तिच्याकडे आले होते आणि या वाक्यावर तेव्हाच्या तेव्हा पत्रक लिहायला घेणार होते. तिनं माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. "लिवणं राहू दे. घास आधी."

जोडणीत आत्यातली नर्स कामाला लागली. मान चिकटवली आणि दाबून धरायला शिकंजा नव्हता, तर लवचीक बँडेजचे वेढे देऊन अशी आवळली, की युकुलेले अपघात विभागातून आल्यासारखं दिसायला लागलं. एक चूक मात्र तिच्या हातून झाली, आणि ती आमच्या भागातलीच. आमच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा असो की खुरप्याची मूठ, नवीन लाकूड घरात आलं की त्याला करडईचं तेल पाजतात. आत्यानं युकुलेलेलाही पाजलं, अगदी पोट भरून! तेव्हा घोडी चिकटवायची राहिली होती. घोडी म्हणजे तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी. तिच्यावर सगळ्या तारांचा ताण असतो. आत्यानं ती तेलकट लाकडावरच गोंद लावून बसवली, तारा ओढल्या आणि थेट देवळात नेलं. तिच्या आग्रहाखातर गयाबाईही त्या दिवशी आल्या होत्या. पहिलंच कडवं मध्यावर आलं आणि फाडकन आवाज झाला. घोडी उडून गयाबाईंच्या पदरात पडली.

सगळं देऊळ हसलं. "म्हणलं नव्हतं का मी?" दादा दारातून ओरडला. मला वाटलं, आता संपलं. उद्यापासून पुन्हा स्पीकर आणि गयाबाई पुन्हा घरी... आत्या मात्र शांत होती. तिनं ती जागा बोटानं चाचपली, वास घेतला आणि म्हणाली, "गयाबाई, तेल पाजलं मी. गोंद धरंल कसा? चला, खरवडू." दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर अख्खं मंडळ जमलं. कुणी पात्यानं खरवडत होतं, कुणी आत्यानं दवाखान्याच्या सवयीनं घरात ठेवलेल्या स्पिरिटनं लाकूड पुसत होतं. घोडी गयाबाईंनी स्वतः बसवली. बँडेज आवळताना त्या म्हणाल्या, "मेंढीचा पाय बांधलाय लई येळा. हे काय न्हाई!" ज्या बाईला वाद्यानं मागे टाकलं होतं, तिच्याच हातानं ते दुरुस्त झालं. त्यानंतर त्या एकदाही गैरहजर राहिल्या नाहीत. त्या ओळ पुन्हा घ्यायच्या आणि आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत तीच तार छेडत राहायची.

खोटं लिहिणार नाही. पुण्याच्या एका मैत्रिणीचं विकतचं युकुलेले मी एकदा शेजारी ठेवून वाजवून पाहिलं. ते सरळ सरळ गोड होतं. आत्याचं थोडं दबकं, आणि मान किंचित तिरकी असल्यानं वरच्या सुरांना रुसणारं. आत्यानंही ते मान्य केलं. "विकत घेणारा काय चुकत न्हाई गं. त्याला वाजवायची घाई असती. मला दुसरीच घाई होती." ज्याला नुसतं शिकायचंय त्यानं खुशाल तयार घ्यावं. पण जिथे वस्तूला हात लावायचा हक्कच मिळालेला नाही, तिथे ती आपल्या हातानं जोडणं हीच पहिली मागणी आहे, आणि ती कुठल्या कार्यालयाकडे करावी लागत नाही. वडिलांच्या सगळ्या गठ्ठ्यांत मला हे कुठे छापलेलं सापडलं नाही.

तेराव्याला गावातले एक पुढारी आले. आत्याच्या स्मरणार्थ मंडळाला नवी कोरी पेटी देतो म्हणाले, आणि युकुलेले काचेच्या चौकटीत घालून देवळाच्या भिंतीवर लावू. माणसं माना डोलवायला लागली. सचिनदादाचे डोळे भरून आले होते, तोही हो म्हणण्याच्या बेतात होता. तेवढ्यात बायकांमधून गयाबाई उठल्या. "सायेब, पेटी द्या, आमी ती बी उघडून बघू. पण हे काचंत न्हाई जायचं. काचंत घातलं तर बाईनं हात कुठं लावायचा?" दादानं डोळे पुसले, आत जाऊन युकुलेले आणलं आणि मंडळातल्या सगळ्यांत नव्या सुनेच्या मांडीवर ठेवलं. ती आता शिकते आहे. बोटं चुकतात, तार भलतीकडेच बोलते. गयाबाई ओळ धरून थांबतात.

आत्याला श्रद्धांजली म्हणून मला फुलं नकोत, भाषणं तर मुळीच नकोत. एवढं करा. तुमच्या घरात, देवळात, समाजमंदिरात एखादं वाद्य असेल, बिघडलेलं, कापडात गुंडाळलेलं किंवा कुणा एकाच्याच मालकीचं झालेलं, तर ते या आठवड्यात खाली उतरवा. ज्या बाईला आजवर त्याला हात लावू दिला नाही, तिला बोलवा, ते तिच्या मांडीवर द्या, आणि तिनं झाकण उघडलं तर अडवू नका.