चुलांगणातला हंडा

भाऊ, तू जमिनीखाली नळ पुरला, तर मले सांगतलं काहून नाही?

आता हे विचारायचं कोणाला? मी अकोल्याच्या कापसाच्या जिनात कामाला होतो, घरी पोचलो तो भाऊ गेल्यावरच. त्याच्या तेरवीला मी जी माती खाल्ली ना, ती ऐकून हसा, पण वहिनीसमोर नको.

रिठदला आमचा भाजीचा मळा. भाऊच्या पंगतीत काही उणं पडू द्यायचं नाही, एवढंच माझ्या हाती राहिलं होतं. तेरवीच्या सकाळी बघतो तर काय? शेजारचे गणपतकाका आमच्या वांग्यांजवळ जमिनीला कान लावून आडवे! तिकडे गडी मोट हाकतोय, इकडे हे उठतात, सळईनं माती टोचतात, खुंटी ठोकतात. पुन्हा आडवे!

"काका, काय करून राह्यले?"

"खुंट्याईले हात नोको लावू. पत्रावळी घेऊन येतो, मंग सांगतो."

मोट थांबवून गडी अन् काका गेले.

हात लावू नको? भाऊची राख थंड झाली नाही, अन् हे आमच्या मळ्यातलं गुप्तधन हुडकतात?

उपटल्या खुंट्या! नाहीतरी स्वयंपाकाला लांब चर खणून चुलांगण करायचंच होतं. बरोबर त्याच ओळीवर कुदळ घातली. खट्! खापर! हंडाच की हो! आणखी जोरात हाणली. आत निघाला चिखल. म्हणजे काकांनी आधीच रिकामा केला!

रागानं मी काकांशी बोललोच नाही. चुलांगण पेटलं, भाताची भांडी चढली. काकांनी घाईत पत्रावळी ठेवल्या अन् पाहुण्यांना पाणी हवं म्हणून चुलांगणाकडे न बघताच मोट सुरू केली.

फस्स्! चरात पाणीच पाणी! जाळ विझला, भात कच्चा.

"काका, हंडा काढला तो काढला, आता पंगतही बुडवता?"

"कायचा हंडा, बावा! तुह्या भावानं वांग्याईले पाणी न्याले पुरलेला खापराचा नळ आहे तो! मोट चालली की आतलं पाणी ऐकू येते. खंदताना फुटू नये म्हणून खुंट्या ठोकल्या होत्या!"

वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊजी, धन निघालं असन तं पंगतीत वाढा!" भाऊ गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

भांडी काकांच्या चुलीवर गेली. पंगत बसली. काकांनी फुटक्या जागी खापर बसवून चुना लिंपला. "चुना धरेस्तोवर दाबून बस. हात हल्ला तं भावाची वांगी वाळतीन."

गाव भाऊच्या नावानं जेवत होतं, अन् त्याचा सख्खा भाऊ चिखलात नळाला मिठी मारून!

हात धुवायला उठलेला प्रत्येक जण वाकून विचारायचा, "काय रे, सापडलं का काही?"

मी नळ काही सोडला नाही.