निळ्या आभाळातली पंगत

शकू माझ्याशी शेवटचं बोलली ते एवढंच, "वहिनी, जेवलात का सगळे?" दिल्लीतल्या त्या रुग्णालयात तिच्या मानेभोवती जाड कॉलर होती, कपाळावर टाके होते, पायात संवेदना नव्हती, आणि ही बाई आमच्या जेवणाची चौकशी करत होती. मला इतका राग आला की मी उत्तरच दिलं नाही. नाकाशी पदर नेला आणि खिडकीकडे वळले. दोन दिवसांनी ती गेली... आणि नाशिकला परतेपर्यंत तिच्या त्या वाक्याचं घरच्यांनी स्तोत्र करून टाकलं. नाशिक रोडला शकूच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला : हात जोडलेली शकू, मागे ढग, आणि खाली 'आभाळात अन्नदान करता करता देवाघरी गेलेल्या आमच्या अन्नपूर्णा'. मी रिक्षातून उतरले, ते वाचलं, आणि रिक्षावाल्याला म्हटलं, बाबा, तुझ्याकडे कात्री आहे का?

शकुंतला माझी नणंद. यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सुरगाण्याकडे एका आश्रमशाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती, आणि मी म्हणजे नाशिक शहरात वाढलेली, बी.ए. झालेली, ओठ मुरडून शुद्ध बोलणारी नवी नवरी. आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा ती सुरगाण्यापर्यंत घ्यायला आली, पुढचा रस्ता जीपनं होता. जीपमध्ये माणसं, टपावर माणसं, मागच्या पायरीवर माणसं, आणि त्या पायरीवर शकू एका हातात बोरांची पिशवी घेऊन उभी. दुसऱ्या हातानं दांडी धरायची की नाही? छे. दुसऱ्या हातानं ती बोरं वाटत होती. मी मात्र आत बसून, पहिल्याच वळणाला, पदराचं टोक लोखंडी दांडीला गाठ मारून बांधलं. सुरक्षितता! पोचल्यावर मोठ्या तोऱ्यात खाली उतरले, जीप पुढे सरकली, पदर जीपबरोबर निघाला आणि पदरामागून मी. ड्रायव्हरनं ब्रेक मारून मान बाहेर काढली आणि विचारलं, "बाई, तुमी सोताला बांधून घेतलाय का?" सगळी जीप हसली, शकू सगळ्यात जास्त. त्या दिवसापासून मी घरात 'बांधीव वहिनी' झाले. माझी नातवंडंसुद्धा ते नाव वापरतात, तोंडावर.

आमच्या सासरी एक नेम होता. वाढणारीनं बसायचं नाही. पंगत उठेपर्यंत वाढणारी उभी, आणि तिनं मागून, उरलं तर उरलेल्यात. सासूबाई तशा वागल्या, म्हणून मीही वागले आणि स्वतःला मोठी सोशिक समजत राहिले. सोशिक कसली! स्वयंपाकघरात जाता-येता चार भजी मी आधीच गट्ट केलेली असायची, आणि मग पंगतीत असा काही उपाशी चेहरा करायची की मामंजी म्हणायचे, सूनबाईंना पाहा, काय ते वळण. शकू तसली नव्हती. ती खरोखर खायची नाही. आम्ही कितीदा म्हटलं, अगं बस आता, सगळं मध्ये ठेव, ज्याचं तो घेईल. ती म्हणायची, मला बसून घास गिळत नाही. पुढे तिचं लग्न झालं, निलेश झाला, नवरा गेला, निलेशची बायको मनीषा आली, नात ओवी आली, घरात टेबल-खुर्च्या आल्या, तरी ही उभीच. तिच्या दशम्या इतक्या मऊ असायच्या की दुसऱ्या दिवशी दुमडल्या तरी मोडायच्या नाहीत, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी. खाणाऱ्याची दुसरी दशमी संपायच्या आत तिसरी ताटात पडायची. आम्हाला लागलेली ही सवय... तिच्या जिवावर.

आता विमानाचं सांगते, कारण मी तिथं होते, आणि जे फ्लेक्सवर लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही. दिल्लीला भाचीच्या घरी बारसं होतं. ओझरच्या विमानतळावरून आम्ही घरचे बरेच जण निघालो, आणि जागा विखुरल्या दोन-तीन रांगांत. मी खिडकीशी, शकू कडेला, मधल्या रिकाम्या सीटवर दशम्यांचा डबा. मागच्या रांगेत निलेश, मनीषा, ओवी. विमान उडण्याआधी ती हवाई सुंदरी उभी राहून पट्टा कसा लावायचा, कसा सोडायचा ते दाखवत होती, आणि आमची मंडळी तिच्याकडे आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीकडे पाहावं तशी पाहत होती. म्हणजे उभं राहायचं, पण लक्ष प्रसादाकडे. मी पट्टा आवळून बसले होते. शकूनं वाकून पाहिलं आणि निलेशला ऐकू जाईल असं म्हणाली, "बांधीव वहिनींनी विमान बांधून घेतलं रे, आता पडायची भीती नाही."

वर गेल्यावर डोक्यावरचा पट्ट्याचा दिवा टुंग करून विझला. लगेच हिंदी आणि इंग्रजीत सांगितलं गेलं, की दिवा विझला तरी बसल्या जागी पट्टा लावून ठेवा, हवेत अचानक धक्का बसू शकतो. मी ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं असणार, कान सगळ्यांना होते. पण आमच्या लोकांना टुंग म्हणजे शाळेची मधली सुट्टी. खटाखट पट्टे सुटले. ओवी मनीषाच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. शकू उठली, डबा उघडला, आणि मधल्या वाटेनं वाढत निघाली. ती पट्टा दाखवणारी मुलगी आली, म्हणाली, "माताजी, प्लीज बैठ जाइए." शकूनं तिच्याही हातावर दशमी ठेवली. मुलगी हसली, पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा ही खरंच येऊन बसली. मी तिला म्हटलं, पट्टा लाव. ती म्हणाली, लावते. आणि मागून निलेशचा आवाज आला, "आई, चटणी राहिली." ती पुन्हा उठली.

बाहेर आभाळ निळंशार होतं. एक ढग नाही. मी खिडकीतच पाहत होते म्हणून सांगते. पुढच्या क्षणी विमान खाली गेलं, म्हणजे आमच्या बुडाखालून काढून घेतल्यासारखं गेलं, आणि जे बांधलेलं नव्हतं ते सगळं वर राहिलं. डबा, चपला, कुणाचा मोबाइल... आणि शकू. तिचं डोकं छताला आपटलं आणि ती खुर्चीच्या हातावर पडली. ओवी मांडीवरून उचलली गेली होती, तिच्या फ्रॉकचा बंद मनीषाच्या मुठीत आला म्हणून ती परत खाली आली. एवढ्याशा बंदावर. त्या हवाई सुंदरीचा हात मोडला, आणि त्याच मोडक्या हातानं ती शकूची मान हलू नये म्हणून जमिनीवर बसून राहिली. नंतर आमच्यातलेच दोघं-तिघं तिच्यावर ओरडले, की तुम्ही आधी का नाही सांगितलं. तिच्या हातावर दिलेली दशमी तिच्या पायाशीच पडली होती.

परत आल्यावर मी नातवाला बसवून विचारून घेतलं, वाचून घेतलं. पायलटच्या यंत्राला ढग दिसतात, त्यातला पाऊस दिसतो. कोरड्या, स्वच्छ हवेतले उलटसुलट झोत त्याला दिसत नाहीत. दिवा लावायला वेळच मिळत नाही. म्हणून तर बसल्या जागी पट्टा ठेवायला सांगतात. हे मी समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले, आणि प्रत्येकानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहून म्हटलं, काकू, वेळ आली होती हो. योग होता. सेवा करता करता गेली, भाग्यवान. भाग्यवान? मला त्या शब्दाची आता शिसारी आलीय. शकूला मरायचं नव्हतं. तिला बारशाला घुगऱ्या करायच्या होत्या, ओवीला पाढे शिकवायचे होते आणि माझी आणखी वीस वर्षं टिंगल करायची होती. तिची वेळ आली नव्हती. तिच्याकडून चटणी मागितली गेली होती.

निलेशला हा योग का लागतो ते मला कळतं. चटणी म्हटलेलं ते तोंड त्याचं होतं, आणि ते घेऊन त्याला जन्म काढायचाय. मी त्याची मामी आहे, त्याला लहानपणी मीही न्हाऊ घातलंय. आणखी काही दिवस मी गप्प बसले असते. पण परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा कळलं की ही तिघं मनीषाच्या भावाकडे बंगळुरूला निघालीत, विमानानं. निलेश कुणाला तरी फोनवर सांगत होता, घाबरून काय होतं, जे व्हायचं ते चुकत नाही, पट्टा लावून का कुणी अमर होतं. आणि मनीषा ओट्याशी प्रवासाला दशम्या करत होती. आईंच्यासारख्या जमत नाहीत, म्हणाली. सगळ्यांना विमानातच द्यायच्या, आईंची आठवण म्हणून.

मी जेवायला थांबले. दुपारची वेळ, टेबलावर ताटं मांडलेली, निलेश बसला, ओवी बसली, मी बसले. मनीषा भांडं हातात घेऊन उभी. निलेशनं आमटीसाठी वाटी पुढे केली. मी म्हटलं, "मनीषा, भांडं मध्ये ठेव आणि बस." ती हसली, म्हणाली, तुमचं होऊ द्या मामी. मी म्हटलं, "शकूही असंच म्हणायची. निलेश, तुझी आई दैवानं गेली नाही. तिच्या कमरेला पट्टा नव्हता, कारण आपण सगळे बसलो होतो आणि ती उभी होती. तू मला घरात घेऊ नकोस हवं तर. पण ही पोर विमानात बांधलेली पाहिजे, आणि हिची आईसुद्धा."

निलेशनं पुढे केलेली वाटी खाली ठेवली. ओवी त्याच्याकडे पाहत होती. मनीषानं भांडं मध्ये ठेवलं आणि बसायला जागा शोधली. उरली होती ती एकच, ओट्याच्या बाजूची, शकूची म्हणायची खुर्ची. तिनं ती ओढली आणि आम्ही तिघांनीही पाहिलं. बाकी खुर्च्यांची गादी बसून बसून दबली होती, हिच्यावर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं, कडेच्या चिकटपट्टीसकट. टेबल घेऊन सात-आठ वर्षं तरी झाली असतील.

मनीषानं नखानं चिकटपट्टी उचकटली. निघेना, तेव्हा निलेश उठला, त्यानं दोन्ही हातांनी ते प्लास्टिक टर्रकन फाडलं, चुरगाळून पोटाशी धरलं, आणि तसाच रडत उभा राहिला. मी त्याला जवळ घेतलं नाही. म्हटलं, आमटी गार होतेय, बायकोला वाढ.