डबा हलवून देणारा

गेमचा डबा गिऱ्हाईकाच्या हातात देण्याआधी तो कानाशी नेऊन हलवायचा. आतली चकती खुळखुळली की म्हणायचा, "मझार शे." म्हणजे आत आहे. आपण नारळ हलवून घेतो, तसंच. तुम्ही हसाल, पण धुळ्याच्या आमच्या गल्लीत कोणी हसत नव्हतं.

टीव्हीवर खेळायच्या गेमचं त्याचं दुकान आणि सायकलचं माझं, मधे एकच भिंत. मी चौथीपर्यंत शिकलो, पण विचारायचं ते तोंडावर विचारतो. म्हटलं, "भाऊ, पोरं तासभर तुझं डोकं खातात अन् हात हलवत जातात. काय फायदा?"

"घर जाईसन नेटवरथीन लेतस, आबा. पण कोनता लेवाना, ते माले इचारीसन!"

घेतात घरी, पण कोणता घ्यायचा ते मला विचारून, हे तो ऐटीत सांगायचा.

मग नाशिकहून कंपनीचा माणूस आला. "काका, तुमची विक्री बसली. असंच राहिलं तर माल बंद."

भाऊने विचारलं, "ही घरून घेणारी पोरं कुठे धरता तुम्ही?"

"ते कंपनीकडे परस्पर मोजतात. किती, ते आम्हालाही सांगत नाहीत. दुकानाच्या नावावर फक्त डबे."

"अन् माझा घसा?"

तो माणूस हसला. भाऊ नाही हसला.

पुढच्या मालातला डबा त्याने कानाशी नेला. आवाज नाही. फोडला, तर आत नुसती चिठ्ठी. तिच्यावरचा नंबर टाकायचा अन् गेम घरी नेटवरूनच उतरवायचा. त्याने लगेच फोन लावला, रिकामे डबे आले म्हणून. तिकडून उत्तर आलं, "आता तसेच येतात, काका. विका बिनधास्त. डबा म्हणूनच मोजला जाईल, तुमचं दुकान वाचेल."

मीही म्हटलं, "विक की. सांगायची काय गरज?"

"आबा, ट्यूब नही अन् नुसता टायर इकशात का तुम्ही?"

मला राग आला. बरेच दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

तो मात्र पैसे हातात घेण्याआधी प्रत्येकाला सांगायचा, "मझार काहीच नही शे. निस्ती चिठ्ठी." पोरं म्हणायची, मग घरूनच घेतो, भाऊ. डबे फळीवरच राहिले. दिवाळीच्या आधी माल बंद झाला, पाठोपाठ दुकान. शटर ओढताना मी हात लावायला गेलो, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आबा."

बऱ्याच वर्षांनी, यंदा उन्हाळ्यात तो गेला. द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला, मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. संध्याकाळी पोरं यायला लागली. आता पोरं कसली, बाप्ये झालेले. कोणी नरडाण्याच्या कारखान्यातून पाळी सुटल्यावर तसेच आलेले. दारात घुटमळत उभे राहिले.

वहिनींनी विचारलं, "दुकानातले गिऱ्हाईक का रे तुम्ही?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग एक जण म्हणाला, "काकू, खरं सांगतो, आम्ही दुकानातून काहीच नेलं नाही. भाऊ सांगायचे, तो गेम घरी घ्यायचो."

वहिनींनी आत जाऊन सतरंजी आणली, अंथरली. ती पुरेना, म्हणून शेजारच्यांकडून दुसरी मागवली.