सामाईक फाइल

माझी दहावी, बारावी आणि डिप्लोमाची ओरिजिनल सर्टिफिकेटं सरांच्या लोखंडी कपाटात होती. कामाला लागलो त्याच दिवशी सर म्हणालेले, "इथे ठेव रे, सेफ राहतील." मीही गाढवासारखी काढून दिली. नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या छोट्या कॉम्प्युटर ऑफिसांत ही सर्रास पद्धत होती. कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, आणि वाटलं तरी बोलायची टाप नव्हती.

नौपाड्यात एका इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस. सर, ताई आणि मी, एवढीच माणसं. मुलांसाठी गेम बनवायचो, सीडीवर. त्या वर्षीचा गेम एका कोळ्याच्या मुलीचा होता. ती होडी घेऊन खाडीत जाते, मासे धरते, बाजारात विकते, घरी येते, आणि मधे मधे गणितं सोडवते. खाडीची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने काय करायचं त्या सूचना, वेगळी, बाजाराची वेगळी, घराची वेगळी. आता मुलीने खाडीत किती मासे धरले हे बाजाराला कळायला तर हवं! अशा गोष्टी एका सामाईक फाइलमध्ये ठेवायच्या, म्हणजे कुठल्याही स्क्रिप्टला त्या वाचता येतात, बदलता येतात. त्यांना व्हेरिएबल म्हणतात. फळीवरचे डबे समजा. कोणीही यावं, झाकण उघडावं, भरावं नाहीतर रिकामं करावं.

असे डबे मोजकेच ठेवायचे असतात. मी सगळेच ठेवले. मासे, टोपली, खाडीचं पाणी, आईचा राग, मांजर जागं आहे की झोपलंय, सगळं त्या एका फाइलमध्ये. आळस, दुसरं काय! कुठल्या डब्यात काय आहे ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, फक्त माझ्या डोक्यात होतं. मी एक दिवस तापाने झोपलो की शेजाऱ्यांकडे सरांचा फोन यायचा. मला त्याची कोण ऐट! माझ्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही म्हणून डोंबिवलीभर सांगत सुटलेलो.

मग पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी सोमवारी, ओरिजिनल घेऊन हजर व्हा. आईने पत्र देवापुढे ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभा.

"घेऊन जा की," सर म्हणाले, "पण ती तुझी फाइल कोण वाचणार? मी? मागे तू चार दिवस आला नाहीस तर आम्ही हात चोळत बसलो. तुझ्यासारखं दुसरं कोणी तयार कर आणि खुशाल जा. मी काय तुला बांधून ठेवलंय?"

बांधूनच ठेवलेलं! आणि दोरी मीच वळून दिलेली. रोज सकाळी त्या कपाटासमोरच्या खुर्चीत बसायचो. ओरडावंसं वाटायचं. हातभर अंतरावर माझा सगळा जन्म एका खाकी पाकिटात पडलेला, आणि किल्ली सरांच्या शर्टाच्या खिशात. पळून जायचं तर कागदांशिवाय पुण्यात कोण उभं करणार?

ताई गेमची चित्रं काढायची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, कोपरीच्या बाजूची, कोळ्यांची. तिचे वडील अजून खाडीत जायचे. तिचीही सर्टिफिकेटं त्याच कपाटात होती, पण तिची सुटका ठरलेली. घराजवळच्या शाळेत ड्रॉइंग टीचरची जागा मिळालेली. जेवणाचा डबा उघडता उघडता तिने मला सांगितलेलं, "सर म्हणाले, चित्रं काय, कोणीही काढेल. महिनाअखेर कागद घेऊन जा." हे सांगताना तिला राग आलेला आणि हसूही येत होतं.

त्याच आठवड्यात होडी अडकली. सर गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी गेम खेळून बघत होते. मुलगी बाजारातून खाडीत परतली, आणि होडी चिखलात. माउस आपटला, बटणं बडवली, होडी ढिम्म. दुपारपर्यंत शोधल्यावर सापडलं. बाजाराच्या स्क्रिप्टमध्ये, दिवस संपला म्हणून, मीच पाणी शून्य करून ठेवलेलं.

ताई मागे उभी होती. "खाडीचं पानी बाजारातून कोन बदलतो रं?" चिडली की तिच्या तोंडी घरची बोली यायची. "आमचे बाबा पाण्याची वेळ बघून होरी काढतात. बाजाराने पाणी किती आहे ते विचारावं, हात लावायचं काय काम?"

इतकं साधं! पाणी फक्त खाडीने बदलायचं, बाकीच्यांनी नुसतं विचारायचं. टोपली बाजाराची, मांजर घराचं. असं केलं तर ती फाइल कोणालाही वाचता येणार होती. मी वळून ताईकडे बघितलं. "ताई, तू बसतेस का माझ्यासोबत? दोघं मिळून साफ करू."

"मला जमेल?"

"न जमायला काय झालं!"

दहा दिवस बसलो. ताईने ड्रॉइंगच्या वहीत प्रत्येक स्क्रिप्टचे डबे वेगळ्या रंगात मांडले. मी अडलो की ती वही उघडून दाखवायची. एकदा तिने स्वतः मांजर जागं केलं आणि टाळ्या पिटल्या. म्हणाली, "अरे, इतकी वर्षं मला नुसती रंगवायलाच लावलं रे यांनी."

शुक्रवारी मी सरांना सांगितलं, ताईला आता सगळं येतं. सरांनी परीक्षा घेतली. वारा सुटला की होडी हळू चालू दे, म्हणाले. ताईने अर्ध्या तासात करून दाखवलं, मला एक शब्द न विचारता. सर खूश. त्यांनी कपाट उघडलं आणि माझं पाकीट माझ्या हातात दिलं. मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

ताईने हात पुढे केला. "सर, माझंही देऊन टाका. महिना संपतोच आहे."

सरांनी कपाट लावलं. "तुझं? अगं, आता तू गेलीस तर ही फाइल कोण बघणार?"

सर थट्टा करतायत असं वाटून ताई हसली. किल्ली खिशात गेली तेव्हा थांबली. मग तिने सरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"नाही गं ताई. शप्पथ."

माहीत होतं. "तू बसतेस का माझ्यासोबत" म्हणालो, तेव्हाच माहीत होतं.