बौद्धवाडीला पाणी चढत नाही

टॅन थीटा शिकून आयुष्यात उपयोग काय, असं तुम्ही पत्रात विचारलंत. मला ज्या गोष्टीचा अजून संताप येतो, ती क्रमाने सांगते.

सत्तरच्या दशकात खालापूरकडच्या आमच्या गावात पाण्याची टाकी बांधली. नळ गावभर आले, फक्त आमच्या बौद्धवाडीत नाही. पाणीयोजनेचा ओव्हरसियर म्हणाला, "वाडी टेकाडावर आहे. पाणी चढणार नाही." माझी आई नदीवरून हंडे आणत राहिली. मी जवळच्या चौक गावातल्या शाळेत गणित शिकवत होते. मला ते पटेना.

एका रविवारी मी कोनमापकाच्या सरळ कडेला कागदाची नळी चिकटवली, मध्यावर दोऱ्याने खडा लोंबता सोडला आणि आमच्या अंगणातून टाकीच्या तळावर नेम धरला. नळी वर उचलावी लागली. कोन तीन अंश. दोरीने मोजलेलं अंतर चारशे फूट. तीन अंशांचा टॅन सुमारे ०.०५२, त्याला चारशेने गुणलं. म्हणजे टाकीचा तळ माझ्या डोळ्यांपेक्षाही एकवीस फूट वर! पाणी चढायचं नव्हतंच, उतरायचं होतं.

ग्रामसभेत हे मांडलं. सरपंच हसले. "मास्तरीणबाई, पोरांची खेळणी शाळेत ठेवा."

ओव्हरसियरही सभेला होता. मी त्याच्यापुढे नळी धरली. "चला वाडीत. तुम्हीच बघा आणि कोन मोठ्याने सांगा."

त्याने हातही लावला नाही. खाली बघत म्हणाला, "बाई, टॅन मलाही येतो."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! अज्ञान असतं तर मी फळ्यावर समजावलं असतं. हा माणूस शिकला होता आणि शिकलेलं आमच्याविरुद्ध वापरत होता.

सरपंच ओरडले, "कोनबिन ऱ्हाऊ द्या. गावालाच पाणी पुरत नाय!"

माझी चुलती पदर खोचून उठली. "आत्ता गं बाई! काल चढत नव्हतं, आज पुरत नाय? सरळ सांग ना रं, द्यायचं नाय म्हणून!"

मागच्या बायका खो खो हसल्या. सरपंचांनी वाडीच्या नळाचा ठराव लिहून घ्यायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीत पाइप आला. पंप लागला नाही. नारळ फोडायला तेच सरपंच, आणि आभाराचं भाषण मी करावं असा निरोप. आई म्हणाली, "जा गं, पाणी तर आलं." मी गेले नाही. पाणी उताराने आलं होतं, त्यांच्या मेहेरबानीने नाही. सरपंचांचं भाषण संपायची वाट न पाहता चुलतीने नळ सोडला, ते मला घरात ऐकू आलं.